पाण्यावरची जमीन : नौकेतल्या लाकडी फळ्यांचा इतिहास

आजचा विषय बाहेरच्या फलकावर वाचून दोघातिघांनी आत येतानाच विचारलं, "राजे नाहीत, लढाया नाहीत, फळ्या घासण्याला कसला आलाय इतिहास?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी आम्ही या विषयाकडे कसे वळलो ते सांगतो. त्यात आमची फजिती आहे, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं नीट लक्षात येणार नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी मिळून एक जुनी शिडाची नौका घेतली. 28 फूट लांबीची, फायबरग्लासची. बाहेरून बरी होती. आत उतरलं की मात्र जिन्याच्या पायथ्याशी, स्टोव्हसमोर आणि टेबलाच्या कडेने जमिनीचं वॉर्निश उडालेलं दिसायचं. लाकूड राखाडी पडलेलं, स्क्रूंच्या भोवती काळी वर्तुळं. सागवानी पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये पांढुरक्या लाकडाच्या बारीक रेघा, अशी ती जमीन. आम्ही म्हटलं, सागवानच आहे. एक दिवस घासू, दोन हात वॉर्निशचे मारू, झालं काम. घासण्याचं मशीन भाड्याने आणलं आणि पहिल्याच फळीवर टेकवलं. मिनिटभरात सागवान नाहीसं झालं आणि खालून फिक्या रंगाचं, आडव्या रेषांचं प्लायवूड वर आलं. सागवान होतं खरं, पण ते मिलिमीटरभरही जाड नव्हतं.

त्या पांढऱ्या डागाकडे बघत बसलो असताना आमच्यापैकी एकाने विचारलं, "पूर्वीच्या जहाजांवर तर रोज सकाळी दगडाने जमीन घासायचे. मग त्यांच्या फळ्या टिकल्या कशा?" आजचं व्याख्यान म्हणजे या प्रश्नाच्या उत्तराचा शोध आहे. उत्तर थोडक्यात आधीच सांगून टाकतो. त्या फळ्या टिकल्या नाहीत, त्या झिजतच होत्या. फरक इतकाच, की त्यांची जाडी ही एक शिल्लक होती आणि ती रोज थोडी थोडी खर्च होत होती. ती शिल्लक कुणी खर्च केली, कधी संपत आली, आणि संपत आल्यावर माणसांनी काय केलं, हाच या जमिनीचा इतिहास.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. नौकेत आपण 'जमीन' म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक वरचा डेक, म्हणजे उघड्यावरची. तिच्यावर ऊन, पाऊस, लाटा. दुसरी आतली, जिथे माणसं राहतात, जेवतात, झोपतात. आतल्या जमिनीवर ऊन पडत नाही, पण तिचे शत्रू वेगळे. बुटांना चिकटून आलेली वाळू, अंगावरून गळणारं खारं पाणी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे खालून येणारी ओल. छोट्या नौकेत या फळ्यांच्या खाली तळाची पोकळी असते. आत झिरपलेलं पाणी तिथे साठतं. म्हणून फळ्या पक्क्या ठोकत नाहीत, त्यातल्या निदान काही उचलता येतील अशाच ठेवतात. गळती लागली तर हात खाली पोचला पाहिजे. घरातल्या जमिनीत आणि नौकेतल्या जमिनीत हा मोठा फरक आहे, आणि तो पुढे आपल्याला परत लागणार आहे.

आता दोन-अडीचशे वर्षं मागे जाऊ. इंग्लंड-अमेरिकेच्या शिडाच्या जहाजांवर दिवसाची सुरुवात डेक घासण्याने व्हायची. पाणी ओतायचं, वाळू पसरायची आणि मऊ वालुकाश्माचा ठोकळा घेऊन फळी घासत सुटायचं. या दगडाला 'होलिस्टोन' म्हणत, म्हणजे पवित्र दगड. गुडघे टेकून, प्रार्थनेला बसल्यासारखं बसून घासावं लागे म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. खलाशांनी थट्टा आणखी पुढे नेली. मोठ्या दगडाला ते 'बायबल' म्हणायचे आणि कोपऱ्यात घालायच्या लहान दगडाला 'प्रार्थनेचं पुस्तक'. रिचर्ड हेन्री डेना हा हार्वर्डचा विद्यार्थी 1834 साली साधा खलाशी म्हणून 'पिल्ग्रिम' जहाजावर चढला. 1840 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकातून हे घासणं किती रोजचं होतं ते कळतं. जहाजावर खलाशाला रिकामं बसू द्यायचं नाही, हा त्यामागचा हिशेब होता. स्वच्छता हे एक कारण, शिस्त हे दुसरं. दुसरं कारण कधीकधी पहिल्यापेक्षा मोठं असायचं.

हे वरच्या डेकचं झालं. आतल्या जमिनीचं काय? इथे गोष्ट गंभीर होते, कारण इथे प्रश्न माणसांच्या जिवाचा होता. युद्धनौकेच्या खालच्या मजल्यावर शेकडो खलाशी झोळ्या टांगून झोपत. माणशी जागा किती? 14 इंच. उजेड नाही, वारा नाही. अशा ठिकाणी जर तुम्ही रोज पाणी ओतून फळ्या धुतल्या तर त्या वाळणार कधी? फळ्या ओल्या, कपडे ओले, हवा कोंदट. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आरमाराचे डॉक्टर हे सांगू लागले. जेम्स लिंड आपल्याला लिंबू आणि स्कर्व्ही यांमुळे ठाऊक आहे, पण जहाजातली हवा आणि ओल यांविषयीही त्याने लिहिलं आहे. गिल्बर्ट ब्लेनने 1785 साली खलाशांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि स्वच्छतेबरोबर कोरडेपणावर भर दिला.

प्रत्यक्षात हे करून दाखवलं ते कॅप्टन कुकने. 1772 ते 1775 या काळात 'रिझोल्यूशन' जहाजातून तो जगाला वळसा घालून आला. 118 माणसांपैकी त्याने चार गमावली, आणि त्यातला रोगाने मेलेला फक्त एक. त्या काळी हा चमत्कारच होता. त्याने यावर रॉयल सोसायटीला जो निबंध दिला त्याला 1776 साली कॉप्ली पदक मिळालं. त्या निबंधात आहाराबरोबर जहाजाच्या आतल्या जागेबद्दल सांगितलं आहे. लोखंडी भांड्यात विस्तव ठेवून तो आत फिरवायचा, तळाची हवा सुकवायची. म्हणजे जमीन धुण्याइतकंच ती वाळवणं महत्त्वाचं. पुढे खालच्या मजल्यांवर ओल्या घासण्याऐवजी कोरडी वाळू आणि दगड वापरून घासण्याची पद्धत रुळली. आता बघा, डॉक्टरांच्या सल्ल्याने माणसं वाचली, पण फळीची झीज काही कमी झाली नाही. कोरडी वाळू म्हणजे पॉलिश पेपरच की!

मग एवढ्या घासण्याला फळ्या पुरल्या कशा? जाडीमुळे. मोठ्या जहाजाच्या डेकची फळी तीन-चार इंच जाड असे. दोन फळ्यांच्या सांध्यात जुन्या दोरांचा पिंजलेला काथ्या ठोकून वर डांबर ओतत. फळी ज्या खिळ्यांनी बसवलेली, त्यांची डोकी खोल घेऊन त्यावर लाकडी बुच बसवत. रोज घासलं की फळी वरून कमी होते, तसा सांध्यातला काथ्या उथळ होतो, बुचं पातळ होतात आणि एक दिवस निघून येतात. मग खिळ्याचं डोकं उघडं पडतं आणि तिथून पाणी आत शिरतं. जहाजाच्या सुताराला फळीचं वय मोजायला दुसरी खूण लागत नसे. बुच किती उरलंय ते बघायचं.

इथे आपल्या मुंबईचा संबंध येतो. ही जाडी कुठल्या लाकडाची, हा प्रश्न इंग्रजांना नेपोलियनच्या युद्धांच्या काळात भेडसावू लागला, कारण इंग्लंडमध्ये ओकची चणचण भासू लागली होती. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे कारागीर होते. लवजी नसरवानजी 1736 साली सुरतेहून मुंबईला आले, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी मलबारच्या सागवानातून ब्रिटिश आरमारासाठी जहाजं बांधली. सागवानात मूळचंच तेल असतं, त्यामुळे ते पाणी धरत नाही आणि सहज कुजत नाही. ओकमधलं टॅनिन लोखंडी खिळे खातं, तसं सागवान करत नाही. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका 12 ऑक्टोबर 1817 रोजी मुंबईत पाण्यात उतरली. ती आजही आहे. इंग्लंडमध्ये हार्टलपूलला 1990 पासून 2001 पर्यंत तिची दुरुस्ती झाली, आणि तिच्या बांधणीतल्या मूळ सागवानाचा मोठा भाग अजून तिच्यात आहे. दोनशे वर्षांहून जास्त काळ टिकलेलं हे मुंबईच्या सुतारांचं काम आहे.

पण शिल्लक फक्त फळीत नव्हती, जंगलातही होती, आणि तिथेही ती संपू लागली. मलबारचं सागवान इतकं तोडलं गेलं की 1840च्या दशकात तिथले कलेक्टर कॉनोली यांनी निलांबूरला मुद्दाम सागाची लागवड सुरू केली. साग वाढायला पिढ्या लागतात. सकाळी सकाळी वाळू घालून जी पूड समुद्रात वाहून जात होती, ती भरून यायला एवढा वेळ लागतो, हे तेव्हा डेकवर गुडघे टेकलेल्या खलाशाला कुणी सांगितलं नसणार. त्याला सांगितलेलं एवढंच, की फळी पांढरी दिसली पाहिजे.

या सगळ्याला लगाम बसला तो कारकुनी हिशेबातून. जहाजं लोखंडाची, पुढे पोलादाची झाली, तरी युद्धनौकांवर लाकडी डेक राहिले आणि दगडही राहिला. शेवटी 5 मार्च 1931 रोजी अमेरिकेच्या आरमार खात्याने हुकूम काढला. दगडाने घासल्यामुळे डेक इतके झपाट्याने झिजतात की त्यांच्या दुरुस्तीचा खर्च मंजूर पैशात भागत नाही. तेव्हा यापुढे डाग काढण्यापुरताच दगड वापरावा, असा त्याचा आशय. महामंदीचे दिवस होते. दीडशे वर्षांची सवय अंदाजपत्रकाने मोडली! आम्हाला हा हुकूम फार महत्त्वाचा वाटतो, कारण शिस्तीसाठी लाकूड खर्च करणं परवडत नाही, ही कबुली त्यात सरकारी भाषेत दिलेली आहे.

मग दुसरा मार्ग काय? झीज लाकडाने सोसायची नाही, लाकडावरच्या थराने सोसायची. ही कल्पना नवी नव्हती. बाराव्या शतकात थिओफिलस या नावाने लिहिणाऱ्या भिक्षूच्या ग्रंथात जवसाचं तेल आणि राळ शिजवून वॉर्निश करण्याची कृती आहे. आपल्याकडे कोकणात मचव्याला माशाचं तेल चोपडतात, तेही लाकडाला पाण्यापासून वाचवण्यासाठीच. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि त्याचा पापुद्रा बनतो. आपले रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते हेच तेल, उकळून लवकर वाळेल असं केलेलं. पण नुसत्या तेलाचा थर मऊ राहतो. माणसांच्या पायाखाली तो फार दिवस टिकत नाही. म्हणून श्रीमंतांच्या हौशी नौकांमध्ये वॉर्निश भिंतींवर, कपाटांवर चमकायचं, आणि जमीन बऱ्याचदा नुसती घासून पांढरी ठेवलेली असायची.

विसाव्या शतकात हे पालटलं. बेकेलाइटच्या कुळातल्या राळी 1920च्या दशकात वॉर्निशमध्ये आल्या आणि पापुद्रा कडक झाला. 1937 साली जर्मनीत ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचा शोध लावला. त्याचं वॉर्निश पुढे जमिनींवर सर्वत्र आलं. घासण्याचं साधनही बदललं. 1921 साली अमेरिकेत पाण्यात भिजवून वापरता येणारा पॉलिश पेपर बाजारात आला, त्यामुळे घासताना उडणारी धूळ कमी झाली. सागवानाची धूळ नाकाला आणि कातडीला त्रास देते, हे ज्याने एकदा अनुभवलंय त्याला या शोधाची किंमत कळेल.

इथपर्यंत कथा सुखाची वाटते. पण त्याच सुमारास फळी स्वतःच बदलली. 1934 साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका कारखान्यात पाण्याने न सुटणारा प्लायवूडचा गोंद तयार झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासच्या नौका साच्यातून निघू लागल्या आणि मध्यमवर्गाच्या हाताला लागल्या. त्यांच्या आतली जमीन प्लायवूडची, आणि वर सागवानाचा कागदासारखा पातळ थर. जुन्या कारागिरांची सागवानी पट्टी आणि पांढरी रेघ तशीच दिसते, पण तिची जाडी गेली. म्हणजे बघा, ज्या पिढीकडे तीन इंच लाकूड होतं तिच्याकडे ते वाचवणारं वॉर्निश नव्हतं. ज्या पिढीकडे उत्तम वॉर्निश आलं तिच्याकडे वाचवायला मिलिमीटरसुद्धा लाकूड उरलं नाही. आमचं मशीन ज्या दिवशी त्या फळीतून आरपार गेलं, त्या दिवशी आम्ही 1817 सालच्या फळीची वागणूक 1980च्या फळीला देत होतो. चूक मशीनची नव्हती.

आता पुढे आम्ही काय केलं ते सांगतो, कारण व्याख्यानानंतर तो प्रश्न येणारच. सगळ्या फळ्या उचलल्या. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलने क्रमांक आणि नाळेच्या दिशेचा बाण काढला. गोड्या पाण्याने मीठ धुतलं आणि पुष्कळ दिवस सावलीत वाळवल्या. कुक आठवा, वाळवणं हे अर्धं काम. जुनं वॉर्निश गरम हवेच्या गनने मऊ करून खरवडणीने काढलं, कारण खरवडणी वॉर्निश काढते आणि हात सांभाळला तर लाकूड सोडते. काळे डाग हे लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन यांचं काम. ते घासून जात नाहीत, ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने फिके होतात. हे ॲसिड विषारी आहे, हातमोजे घालावेत आणि नंतर फळी भरपूर धुवावी. मग लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून, रेषेच्या दिशेने, हाताने अगदी हलकं घासलं. सागवानाचं तेल वॉर्निशला धरू देत नाही, म्हणून वॉर्निशआधी ॲसिटोनने पुसलं. कडांना आणि पाठीला आधी इपॉक्सी, कारण पाणी वरून कमी आणि कडेने जास्त शिरतं. मग वॉर्निश, पहिला हात पातळ करून, नंतरचे चार नेहमीचे, दोन हातांच्या मध्ये हलकं घासून. शेवटचा हात कमी चमकेचा घेतला. चकचकीत जमीन फोटोत छान दिसते, पण नौका कलली आणि पाय ओला असला की माणूस थेट टेबलावर जातो.

इथे आमची दुसरी फजिती. कडांना आम्ही इतक्या प्रेमाने इपॉक्सी फासलं की फळ्या जागेवर परत बसेनात. एक ठोकून बसवली आणि ती अडकली. वर दिसायला सुरेख, पण उचलायला दोन माणसं आणि पटाशी लागली. आमच्यातला जो सर्वात जास्त समुद्रावर राहिलेला आहे तो एवढंच म्हणाला, "रात्री गळती लागली तर पटाशी शोधणार का?" आम्ही गुपचूप सगळ्या कडा परत तासल्या. नौकेतली जमीन सुंदर असावी, पण ती एका हाताने उचलता आली पाहिजे.

आणि ती फाटलेली फळी? ती आम्ही बदलली नाही. तिच्यावर दुसऱ्या सागवानाचा पातळ तुकडा बसवला. रंग जुळला नाही, तो अजून दिसतो. जिन्याच्या पायथ्याची फळी मध्यभागी थोडी खोलगट झाली आहे. ती सपाट करायची तर उरलेलं सागवान संपलं असतं. म्हणून खोलगटपणासकट तिच्यावर वॉर्निश केलं. आमच्या आधी त्या जिन्यावरून जी माणसं उतरली त्यांच्या पायांचा तो ठसा आहे, तो काढण्याचा अधिकार आम्हाला आहे असं वाटलं नाही. खरं सांगायचं तर तो काढण्याएवढं लाकूडही नव्हतं.

इतिहासाच्या अभ्यासकांसाठी एक शेवटचं. त्या फळ्या आम्ही उलटल्या तेव्हा आधीच्या मालकांपैकी कुणीही मागे काहीच लिहिलेलं नव्हतं. किती वेळा घासली, किती उरली, काहीच नाही. एक ओळ असती तर आम्ही मशीन आणलंच नसतं. म्हणून आता प्रत्येक फळीच्या पाठीवर आम्ही लिहिलं आहे : साल, वॉर्निशचे हात किती, घासलं कशाने, आणि 'मशीन लावू नये'. वरचं वॉर्निश झिजून लाकूड उघडं पडण्याआधीच नवा हात द्यायचा, हेही लिहिलं आहे, कारण एकदा लाकूड उघडं पडलं की परत शिल्लकेला हात घालावा लागतो.

तुमच्या घरात जुनं लाकडी माजघर असेल, पाट असेल, झोपाळ्याची फळी असेल, तर ती घासायला काढण्याआधी उलटून जाडी बघा. आणि घासलीत तर मागे लिहून ठेवा. आम्ही इथे थांबतो.